बाजूने काढलेले फोटो

अँकोना, नोव्हेंबर १९३८

उल्देरिको,

'प्रिय' लिहीत नाही. तुझी पत्रं हल्ली आधी कोण फोडतं, ठाऊक नाही. हे तर टाकणारच नाहीये.

उन्हाळ्यात गच्चीवर तू माझे आणि तुझ्या आईचे फोटो काढलेस. "समुद्राकडे बघा, माझ्याकडे नको," असं सारखं म्हणत होतास. प्रेमातला माणूस समोरून फोटो काढतो रे!

तू ज्यांच्या हाताखाली काम करतोस, त्या प्रोफेसरांच्या वंशशास्त्राच्या मासिकात ते दोन्ही फोटो शेजारीशेजारी छापून आलेत. माझ्याखाली लिहिलंय, 'शुद्ध इटालियन चेहरा'. रोज चर्चला जाणाऱ्या तुझ्या आईखाली, 'ज्यू वंशाचं नाक'.

ही चूक, की तुझी करामत? मला वाचवायला केलंस म्हणावं, तर नव्या कायद्यानं ज्यू म्हणून मला शाळेतल्या नोकरीवरून काढलं, तेव्हा तू तोंड उघडलं नाहीस. प्रोफेसरांची फजिती करायची होती म्हणावं, तर आईला कशाला मध्ये ओढलंस?

परवा बेकरीवाला सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "जरा बाजूला वळा बघू, बाई!" तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही. पाव मीच नेऊन देते. आज तिनं दार किलकिलं केलं, माझं नाक न्याहाळलं, मग स्वतःचं चाचपलं आणि हळूच विचारलं, "पोरी, एवढे शिकलेले लोक खोटं कशाला छापतील? माझ्या आईनं माझ्यापासून काही लपवलं असेल का गं?"

शुद्ध इटालियन,
एल्दा आस्कोली