दक्षिणेचा कप्पा

प्रिय राखी पोरी,

फोनवर आपल्या ब्रिज क्लबचं नाव काढलं की तू म्हणतेस, 'काका, कुकर लावलाय, नंतर बोलू.' कुकर लागलाय की नाही ते मला ऐकू येतं गं. तुला दोष देत नाही. पण जे सांगायचंय ते फोनवर सांगून होणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

इकडं येडगावात ठीक आहे. कांद्याची लागण उरकली. साळुबाईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड मात्र तरणंताठं आहे. बिबट्याचा बोभाटा झाल्यापासून दिवस मावळला की मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. तुझी आई पुण्यात रमली का? तिला म्हणावं, साळुबाई अजून तिच्या हातच्या गट्ट्याच्या भाजीची आठवण काढते, आणि माझ्या पानात मात्र रोज पिठलं वाढते.

दिवाळीनंतर तुझा भाऊ जिनेश पप्पांचं दुकान रिकामं करायला जुन्नरला आला होता. भांड्यांच्या फळीमागं खिळ्याला एक किल्ली अडकवलेली निघाली, ती त्यानं मला आणून दिली. क्लबची. तुझ्या पप्पांनी ती कुणाच्या हाती कधी दिली नव्हती. लॉकडाऊन संपून सगळी दुनिया उघडली, शाळा उघडल्या, लग्नांचे मांडव पडले, पण आपल्या माडीवरच्या खोलीचं कुलूप तसंच राहिलं. खरं सांगू? किल्ली सापडत नाही हे आम्हा तिघांनाही बरं वाटत होतं. दुसरं कुलूप बसवायला काय लागतं? पण कुणी म्हणून विषय काढला नाही.

कुलूप काढलं त्या दिवशी मी, दादाभाऊ आणि सोपान असे तिघं गेलो. एसटीतून निवृत्त होऊन दादाभाऊ आता पुरता जाडजूड झालाय, जिना चढताना तीनदा थांबला. खोलीत कबुतरांची घाण, भिंतीला ओल, पण टेबल जागच्या जागी. चार खुर्च्याही तशाच, उठताना जशा मागं सरकवल्या होत्या तशाच. दादाभाऊ दारातच थबकला. म्हणाला, 'भगवंता, आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतंय रं.' सोपान त्याच्यावर खेकसला, 'व्हय, कबुतरं उठून गेलीत. झाडू घे.' पण पाऊल त्यानंही आत टाकलं नाही.

तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून त्या खोलीत आलीस. पप्पांचा डबा घेऊन यायचीस आणि त्यांच्या खांद्यामागं उभी राहून पत्ते बघायचीस. त्यांनी तुला पत्त्यांवर बोली लावायला शिकवलं, राणी कधी दाबून ठेवायची ते शिकवलं. मी शिकलो ते धरणाच्या कॉलनीत, इंजिनिअर साहेबांना चहा देता देता. साहेब लोक बदल्या होऊन गेले, त्यांचा खेळ तेवढा आम्हाला देऊन गेले. आमच्या गावात लोक म्हणायचे, भगवंत पत्ते कुटतो. तुझे पप्पा एकटे म्हणायचे, भगवंत विचार करतो. त्या एका शब्दावर मी चाळीस वर्षं त्यांचा जोडीदार म्हणून समोर बसलो. ते दक्षिणेला, मी उत्तरेला. म्हणजे माझं तोंड कायम दक्षिणेकडं. साळुबाई तेव्हापासून बडबडते, 'त्या दिशेला तोंड करून किती बसाल?' मी हसायचो. आता हसू येत नाही.

चौथा गडी मिळाला. लोणीचे आदेश म्हणून आहेत, इथल्या बँकेत साहेब झालेत, मोबाईलवर खेळ शिकलेत. माणूस गोड. पण बसायचे तुझ्या पप्पांच्या जागी, कारण जागा तीच रिकामी. खुर्ची बदलली तरी जागा बदलत नाही. सोपान चुकून त्यांना 'शेठ' म्हणाला आणि मग सगळा डाव कुणी मान वर केली नाही. पप्पा 'पास' तोंडानं म्हणायचे नाहीत, आठवतंय? अंगठीनं टेबलाला दोनदा टकटक करायचे. एकदा खिडकीची फळी वाऱ्यानं दोनदा वाजली. दादाभाऊ बोलून गेला, 'शेठ पास.' थट्टेनंच म्हणाला, पण हसला कुणी नाही. मग तो स्वतःच उठून घटाघटा पाणी प्यायला.

आणि एक सांगतो, हे मात्र कुणाला सांगू नकोस. शिवनेरीच्या मागं ऊन कलायला लागलं की आम्ही तिघं काही न बोलता हातातले पत्ते पालथे ठेवतो. पप्पा दिवस मावळायच्या आत जेवायचे, म्हणून डाव थांबायचा आणि त्यांच्या डब्यातलं आम्हीही खायचो. आता डबा येणार नाही हे ठाऊक असतं. तरी पत्ते पालथे पडतात आणि आम्ही जिन्याकडं बघत बसतो. पहिल्या दिवशी आदेशसाहेबांनी विचारलं, 'कुणी येणार आहे का?'

काही खेपांनंतर त्यांनीच कपाट आवरायला घेतलं. तुला त्या लाकडी पाट्या आठवतात ना, चार बाजूंना चार कप्पे असलेल्या? एकच डाव दुसऱ्या टेबलावर जसाच्या तसा खेळता यावा म्हणून प्रत्येकानं आपापले पत्ते आपल्या कप्प्यात ठेवायचे. एका पाटीला रबर लावलेलं होतं. त्यांनी रबर काढलं, ते हातातच तुटलं. दक्षिणेच्या कप्प्यातले पत्ते काढून पिसायला म्हणून त्यांनी बोटं घातली, आणि आम्ही तिघं एकदम ओरडलो. बिचारे पांढरेफटक पडले. या वयात दादाभाऊ टेबलाला वळसा घालून धावला आणि पाटी छातीशी धरून उभा राहिला.

तो लॉकडाऊन लागलं त्या मार्चातल्या शेवटच्या बैठकीचा डाव होता, पोरी. वाटप पप्पांचं. त्यांनी 'एक इस्पिक' लावलं, मी 'तीन इस्पिक' म्हणालो. मग त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि हळूच म्हणाले, 'चार नो ट्रम्प.' याचा अर्थ तुला सांगायला नको. भगवंता, तुझ्याकडं एक्के किती? मी तोंड उघडणार तेवढ्यात हवालदार जिना चढून आला. म्हणाला, 'काका, उठा आता, वरून हुकूम आलाय.' पप्पांनी पाटीला रबर लावलं. म्हणाले, 'दोन-चार दिवसांनी इथूनच पुढं.'

त्या वर्षभरात आम्ही फोनवर किती बोललो! मी दर वेळी चिडवायचो, 'सांगू का शेठ, किती ते?' आणि ते दर वेळी म्हणायचे, 'फोनवर नाही. बोली टेबलावर.' पुढच्या साली दवाखान्यातून त्यांचा फोन आला, धाप लागलेली होती. मी म्हणालो, 'शेठ, आता तरी ऐका.' ते म्हणाले, 'आल्यावर.' तेवढंच.

तेव्हापासून ते उत्तर माझ्या तोंडात आहे. मळ्यात पाणी धरताना येतं, देवापुढं हात जोडले की येतं. एकदा साळुबाईनं चहाला साखर किती विचारलं, तर मी 'पाच बदाम' म्हणून बसलो, म्हणजे दोन एक्के. तिनं कपाळाला हात लावला. रिकाम्या खोलीत जाऊन मोठ्यानं म्हणूनही बघितलं. पण समोरून कुणी ऐकलं नाही तर ती बोली होत नाही गं.

आदेशसाहेब समजूतदार. म्हणाले, 'काका, तो डाव आधी संपवा, मग मी बसतो. तोवर मी पाहुणा.' तेव्हापासून ते आले नाहीत. तिघांत ब्रिज होत नाही. दादाभाऊ म्हणतो, परत कुलूप लावू आणि किल्ली कुकडी नदीत टाकू. आम्हा तिघांतलं कुणीच तो कप्पा उघडणार नाही, मीही नाही.

तुला दवाखान्यात आत सोडलं नाही, नंतर चेहराही दाखवला नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तू जुन्नरचा रस्ता टाळतेस, तेही ठाऊक आहे. पण त्यांनी रुमालानं बोटं पुसून, इस्पिक डावीकडं घेऊन, स्वतः लावलेले पत्ते त्या कप्प्यात तसेच आहेत. त्यांच्यानंतर त्यांना कुणाचा हात लागलेला नाही. पहिला तुझा लागावा. येत्या शनिवारी ये. दिवस मावळायच्या आत जेवू. साळुबाई कांदा-लसूण न घालता डबा करणार आहे, आणि बटाटाही नको हे मी तिला तीनदा बजावलंय. तू दक्षिणेला बस आणि पत्ते हातात घे. दादाभाऊ पास म्हणेल. मी 'पाच बदाम' म्हणेन. मग बोली तुझी. सहा लाव नाहीतर पाचावर थांब, हरलो तरी चालेल. फक्त समोरून कुणीतरी ऐकलं पाहिजे.

वाट बघणारा,
तुझाच
भगवंतकाका