चिंचेने घासलेले पैसे

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी सुनंदाचा बारडोलीहून फोन. लेकीचा फोन संध्याकाळी आला तर रडगाणं, सकाळी आला तर काम. आज काम. तिच्या सासऱ्यांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर पुरी होतात. तारीख कोणालाच ठाऊक नाही. त्यांची आई एवढंच सांगून गेली, आखाजी झाली आणि हा झाला. तर त्यांना जुनी नाणी द्यायची, ती मी निवडायची. म्हटलं, मी जन्मभर पैसे खर्च केले, गोळा कधी केले?

पण कारण खरं आहे. व्याहीणबाई दिवाळीआधी गेल्या, तेव्हापासून व्याही बोलत नाहीत. 'हं' आणि 'नको', बस. दर रविवारी नाण्यांचा पत्र्याचा डबा उघडून बसायचे, तोही बंद. डॉक्टर म्हणतो तब्येत ठणठणीत. सुनंदा म्हणाली, "आई, हा माणूस एक दिवस खुर्चीत बसल्या बसल्या संपून जाईल."

सातशे रुपये पाठवले तिने, मंगलच्या मोबाईलवर. आता सुनेकडे पैसे मागायला मला माझ्याच लेकीची साक्ष लागणार.

१६ एप्रिल
सु.ला विचारलं, डब्यात काय काय आहे, तेच पुन्हा न्यायला नको. तिला माहीत नाही. कोणाला हात लावू देत नसत. व्याहीणबाईंनासुद्धा. त्या म्हणायच्या, मला अंगठी घातली नाही कधी एवढ्या जपून.
दुपारभर मजुरीच्या साड्यांचे धागे कापले. गठ्ठा संपला.

२० एप्रिल, रविवार
मंगलला घेऊन चौकबाजाराकडच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले. कुलपं, टेप, फुटके पंखे, देवाच्या मूर्ती, सगळं एका चादरीवर. नाणीवाले तीन. पहिल्याने माताजीचं पाच रुपयांचं नाणं दाखवलं, म्हणे लाखाला जातं. मग तू इथे उन्हात काय करतोस, विचारलं. दुसऱ्याने चांदीचा राणीछाप रुपया काढला. मी फरशीवर टाकला. थप्प. चांदी अशी वाजते होय? "मासी, असल छे," म्हणाला. म्हटलं असेल, पण मुकी आहे. आमच्याकडे एक मुका आहे, दुसरा नको.
मंगल हसून हसून बाजूला जाऊन बसली.
तिसरा म्हातारा, जाड चष्म्याचा. त्याच्याकडे खरं वाटलं, पण दुपार झाली होती, आवरायला लागला. रिकाम्या हाताने डिंडोलीला घरी परत. रिक्षाचं भाडं माझं गेलं.

२४ एप्रिल
रात्री विचार केला. राजाच्या मुंडीचे पैसे व्याह्यांकडे पोत्याने असणार, ते सगळेच जमवतात. त्यांच्याकडे नसेल असं काय? मंगल म्हणते शर्टपीस द्या. तिच्या मते सगळ्याला शर्टपीस चालतो.

२७ एप्रिल, रविवार
झालं काम. सकाळी लवकर गेले, थेट चष्मेवाल्याकडे. त्याने पिशवी उलटी केली. एकेक उचलत गेले. तांब्याचा एक जाड पैसा, काळाकुट्ट, एका बाजूला तलवार आणि घोड्याचा खूर. दुसऱ्या बाजूला अक्षरं. डोळ्यांशी धरून लावली: एक पैसा. आपली अक्षरं. मी चौथी शिकले, पण पैशावरचं मला वाचता आलं हे पहिल्यांदाच. म्हातारा म्हणाला बडोद्याचा आहे, संस्थानचा. सुरतेच्या बाजारात, गुजराती माणसाच्या पिशवीत, आपल्या अक्षरांचा पैसा. हा घ्यायचाच ठरवलं. तोंडावर मात्र दाखवलं नाही.
असे दोन घेतले. एक भोकाचा पैसा. एक वीस पैसे, पितळी, कमळाचं. ते आमच्या लहानपणी लोक देवात ठेवायचे, सोनं आहे म्हणून. काळे पडलेत म्हणून भाव पाडून मागितले. म्हातारा म्हणाला, "मासी, काला है तभी तो माल है. धोना मत." सारखं तेच. धोना मत, धोना मत.
धुऊ नका म्हणतो म्हणजे आत नक्की काहीतरी खोट आहे. मला कोणी शिकवू नये.
सहाशे ऐंशीत चारही.

२९ एप्रिल, मंगळवार
उद्या आखाजी. देव, तांब्या, समई, सगळं ओट्यावर काढलं. चिंच भिजवलेली होती, राख होती. म्हटलं चला, बघूच त्याची खोट. नाणीही त्यातच टाकली, चोळली, ब्रशने कडा घासल्या. खोट काही नाही निघाली. अशी झळाळली की देवांच्या शेजारी ठेवली तर देव जुने वाटावेत. तलवार लख्ख, खूर लख्ख. कोणाच्या हातात मळकं देणं आपल्यात नाही.
मंगल म्हणाली, "आत्याबाई, कालची टाकसाळीतून आणल्यासारखी दिसतात."
म्हटलं, मग काय. पंचाहत्तरी आहे, तेरावं नाही.

३० एप्रिल, आखाजी
पितरांची घागर भरली, पूजा केली. खापर गॅसवर नीट तापत नाही, तरी मांडे केले, आंब्याचा रस. सुनंदा आली नाही. तिच्याकडे व्याहीणबाईंची पहिली घागर. लेक आखाजीला माहेरी नाही, ठीक आहे, उद्या मीच जाते.
तिकडे व्याह्यांनी घागरीला नमस्कार केला आणि परत खुर्चीत. जेवताना 'हं'. सु.ने फोनवर सांगितलं.

१ मे, गुरुवार
उधन्याहून गाडी, बसायला जागा मिळाली. बारडोलीत पोचले तर व्याही ओसरीत खुर्चीवर, पांढरी दाढी वाढलेली. मी 'रामराम व्याही' म्हटलं. 'हं.'
सुनंदाने ओवाळलं. मी रुमाल उघडून चारही नाणी ताटात ठेवली. उन्हात चमकली. सुनंदा माझ्याकडे बघून खूश.
व्याह्यांनी एक उचललं. तलवारीवरून अंगठा फिरवला. उलटं केलं. परत सुलटं केलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि मला वाटलं आता ह्यांना काहीतरी होतंय, सुनंदाला म्हटलं पाणी आण.
"हाई काय करं?" म्हणाले.
साखर कारखान्यात वजनकाट्यावर बाबू होते, घरातसुद्धा कधी अहिराणी बोलले नाहीत. सुनंदाच्या हातातून तांब्या सुटता सुटता राहिला.
"कशाने घासलं?"
"चिंचेने," मी म्हटलं. "राखही होती."
मग सुटले. असे सुटले की बाहेरचा कुत्रा उठून गेला. तांब्यावर ती काळी कळा यायला शंभर वर्षं लागतात, ती तुम्ही एका सकाळी खरवडून काढली. नाणं आहे की पातेलं? बडोद्याचा पैसा, कधीचा शोधतोय मी, आणि मिळाला तेव्हा असा, सोललेला. नाण्याला पाणीसुद्धा दाखवत नाहीत हे लहान पोराला कळतं, तुम्हाला एवढं वय होऊन कळत नाही?
मी ऐकून घेतलं. मला असं ऐकून घ्यायची सवय नाही. मग म्हटलं, "एवढंच असेल तर ठेवून द्या डब्यात. शंभर वर्षांनी परत काळा होईल. घाई काय आहे?"
सुनंदाने डोळे मिटले.
व्याही उठले आणि आत गेले. सुनंदा मला दारामागे ओढून म्हणाली, "आई, होतं तेवढंही घालवलंस." तेवढ्यात आतून कुलूप उघडल्याचा आवाज. बाहेर आले ते पत्र्याचा डबा घेऊन. मला म्हणाले, "बसा. नाणं कसं असतं ते बघा आधी."
बसवलं. एकेक काढून दाखवलं. हे बघा, हा रंग. ही झाक. हात लावू नका. कडेला धरा. कडेला, कडेला म्हणतो ना. सुनंदाने दोनदा जेवायला हाक मारली. वरण गार झालं. मला पायाला मुंग्या आल्या, तरी उठू देईनात.
शेवटी माझे चार ताटातून उचलले. वाटलं टाकून देतात. तीन डब्याच्या एका कोपऱ्यात वेगळे ठेवले, बाकीच्यांना चिकटू नये असे. चौथा, एक बडोद्याचा, सदऱ्याच्या खिशात घातला.
निघताना म्हणाले, "त्या चष्मेवाल्याकडे असे अजून आहेत?"
"आहेत. पिशवीभर."
"न घासलेले?"
"मी अजून पोचले नाही तिथे."
"रविवारी मी येतो. तुम्ही फक्त जागा दाखवायची. हात लावायचा नाही."

२ मे
सु.चा फोन, संध्याकाळचा. रडत होती, पण हसतही होती, त्यामुळे काम की रडगाणं ते ठरवता आलं नाही. व्याह्यांनी सकाळपासून भाजीत मीठ जास्त म्हणून दोनदा ऐकवलं. म्हणाली आता गप्प कसं करायचं ते सांग.
ते माझं काम नाही.

३ मे, शनिवार
उद्या रविवार. सु. सांगते, दाढी केली, पांढरा सदरा इस्त्रीला दिला. पण दुपारी परत खुर्चीत बसले होते बराच वेळ, विचारलं तर 'बघू' म्हणाले. 'नको' नाही म्हणाले, 'बघू' म्हणाले. गाडी सकाळची आहे. गुडघा दुखतो त्यांचा. स्टेशनचा जिना आहे.
आले तर आले. मी काही चौकात वाट बघत उभी राहणार नाही. मला तसंही तिकडे मेथी घ्यायची आहे, चष्मेवाल्याच्या समोरच एक बाई चांगली मेथी आणते.
मंगलने विचारलं, एवढ्या उन्हात मेथी? आणि नवं लुगडं कशाला काढलंत?
म्हटलं, चिंचेचा डबा वरच्या फळीवर ठेव. व्याही घरी आले तर त्यांना दिसायला नको.