जागं होण्याआधीचा पासवर्ड

४ एप्रिल २०१०, पार्से
सकाळी चंदगड सोडलं आणि दुपारी इथं जेवायलाही बसलो. पेडण्याच्या कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचं आणि पार्से गावात कृष्णनाथकाकांच्या मागच्या खोलीत राहायचं. खोलीला स्वतंत्र दार आहे. खिडकीबाहेर काजू, आणि सगळ्या वाडीवर बोंडांचा आंबूस वास. देवकीकाकूंनी आग्रह करकरून सोलकढी वाढली. त्यांची मुलगी गौरवी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हसरी आहे. एकूण आपलं नशीब फळफळलं म्हणायचं.

११ एप्रिल
आज सीमेवरच्या राखणदाराला मान होता. गाव राखणारा देवचार तो. काकांनी फणसाखाली रोट आणि विडी ठेवली, थोडा हुर्राक, काजूची ताजी दारू, ओतला आणि गाऱ्हाणं घातलं. त्यात त्याचं नाव एकदाच आलं. परतताना मी ते सहज उच्चारलं, तर काका जागीच थांबले. म्हणाले, "त्येचा नाव घेव नये, सर. आपयल्यार तो येता, आनी काम सांगल्याबगर जायना." हाक मारली की तो येतो, मग कोणाला राखायचं, कोणापासून राखायचं, ते त्याला खरंखरं सांगावं लागतं म्हणे. मी मान डोलावली आणि मनात हसलो.

१४ एप्रिल
गौरवीच्या मैत्रिणीचा लॅपटॉप वसतिगृहातून चोरीला गेला, म्हणून गौरवी आपला लॅपटॉप घेऊन घाबरून आली. तिचा प्रबंध लॅपटॉपवरच आहे आणि तीस तारखेला द्यायचा आहे. विंडोजचा पासवर्ड पेनड्राइव्ह लावून कोणीही बाजूला सारतो, हे तिला समजावलं. मग त्याच्याही खालचा घातला, फर्मवेअरचा. बटण दाबलं की विंडोज जागं होण्याआधीच मशीन तो मागतं. तो नसेल तर पुढं पाऊल नाही.

पासवर्ड म्हणून राखणदाराचं नाव टाकलं. गावात जे नाव कोणी तोंडी घेत नाही ते टाइप कोण करणार? माझ्या हुशारीवर मीच खूश झालो. गौरवीला मात्र तो सांगितला नाही. काही दिवस मीच घालून देतो, तेच सुरक्षित, असं म्हटलं. प्रबंधाची एक प्रत बाहेर काढून ठेव, हेही सांगायचं टाळलं. तिनं रोज माझ्या दारात यावं, एवढंच त्यामागं होतं. लिहिताना कान तापले.

१९ एप्रिल
रोज येते. मी टाइप करताना ती प्रामाणिकपणे तोंड फिरवते. काकू दोघांचा चहा इकडेच पाठवतात. बरं चाललंय. फक्त नाव टाइप केलं की खोलीत विडीचा वास येतो. घरात विडी कोणी ओढत नाही.

२२ एप्रिल
आज जाग येता येता कोणीतरी आडवं आलं. कोंबडा ऐकू येत होता, काकूंचा झाडू ऐकू येत होता, मी झोपेतून वर येत होतो आणि वाटेत तो उभा होता. हातात काठी. कोणाला राखू, कोणापासून राखू, असं त्यानं विचारलं. मी त्याचंच नाव सांगितलं. तो हलला नाही. डोळे उघडले तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं आणि गौरवी दार वाजवून परत गेली होती.

२४ एप्रिल
मशीन पासवर्ड घेत नाही. बोटं चुकलेली नाहीत. परत परत टाकला आणि शेवटी त्यानं स्वतःला बंद करून घेतलं. गौरवीला म्हणालो, आतला बोर्ड बिघडला. तिला वाटतं तिच्याच हातून कुठं आपटला असेल. माझी माफी मागत होती. मी मागू दिली. किती नीच माणूस आहे मी.

२६ एप्रिल
दुपारी जाग आली. तो तेच विचारतो. चोरांपासून, म्हटलं. परक्यांपासून, म्हटलं. खोटं त्याला चालत नाही, आणि खरं सांगेपर्यंत तो मलाही सोडणार नाही, मशीनही —

खरं उत्तर मला ठाऊक आहे. गौरवीला राख. माझ्यापासून. पण ते तोंडून निघत नाही. झोपेतसुद्धा लाज —

२८ एप्रिल
ऊन उतरल्यावर उठलो. उशी भिजलेली. काकांनी तोंडावर पाणी मारलं होतं, डॉक्टर येऊन गेले, काही सापडलं नाही. गौरवीनं पेज आणली. डोळे सुजलेले, प्रबंध जाणार म्हणून. तरी मलाच विचारते, बरं वाटतं का.

काकांना सांगावं? नाव कुठं वापरलं ते सांगावं लागेल. का वापरलं तेही —

२९ एप्रिल
दिवेलागण. आत्ताच उठलो आणि पुन्हा पापण्या मिटतायत. विडीचा वास अगदी उशाशी. आता झोपलो तर तो वर येऊ देणार नाही —

गौरवी दारात आली होती. उद्या शेवटचा दिवस, सर, काहीच उपाय नाही का, म्हणाली. उत्तर जिभेवर होतं. एक वाक्य. तीही सुटली असती, मीही. आणि मी म्हणालो, नाही, काहीच उपाय नाही.

ती चालली आहे. अंगणात पोचली नसेल. हाक मारतो. मारलीच पाहिजे — हात जड — गौरवी, थांब, मशीन बिघडलेलं नाही, मीच तुला