दिवे आल्यावरचा नमस्कार

कलकत्ता, १९७९

तीर्थरूप बाबांच्या पायावर मनोहरचं डोकं.

मी बरा आहो. आमचा बँड मोडला, पण आईले सांगा, आता हॉटेलात एकटाच गिटार वाजवतो अन् जेवण तिथंच भेटते. तिचे गुडघे कसे आहेत?

काल वाजवता वाजवता लाईन गेली. विजेची गिटार, मुकीच झाली. लोक उठू लागले. मग दिवे आले अन् सवयीनं माझे हात जोडल्या गेले, आपल्या कोराडीच्या क्वार्टरात बल्ब लागला की तुम्ही जोडता तसे. लोकायले वाटलं, त्यायलेच नमस्कार केला. टाळ्या पडल्या.

तुमच्यासारखी पॉवर हाऊसची नोकरी मी नाही केली म्हणून तुम्ही अजून बोलत नाही. पण बाबा, तो नमस्कार तुमाले होता.

तुमच्या एका ओळीची वाट पाहून राहिलेला,
मनोहर