काळ्या फोटोंची वेळ

रविवार, २८ एप्रिल
अलेक्झांड्रियात नोकरी लागली, चौथ्या मजल्यावर का होईना घर मिळालं, आणि खिडकीतून चिंधीएवढा समुद्रही दिसतो! मी भलतीच खूश आहे. आई म्हणते, माझं कंबरडं मोडल्यावर बरा चौथा मजला शोधलास, आता मला उतरवायला टोपली सोड. काठीशिवाय तिचं पाऊल पडत नाही, जीभ मात्र ठणठणीत आहे.

काम मजेचं आहे. लोक फेसबुकवर काय टाकतात ते यंत्र चाळतं आणि कुठे आग लागली, कुठे इमारत पडली ते हुडकतं. एकाच गल्लीतल्या तिघांनी तेच लिहिलं की आम्ही ॲम्ब्युलन्सला कळवायचं. आमच्याकडे मयत झालं की माणूस आधी स्वतःचा फोटो काळा करतो, मग रडायला बसतो. यंत्र तेही टिपतं.

मंगळवार, ३० एप्रिल
कालची नोंद तपासली. इमारत पडली ४.२०ला, काळे फोटो मात्र ३.२०चे. आमचे प्रमुख वगदीसाहेब हसले. शुक्रवारी सगळ्या देशाची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली, यंत्राचं राहिलं असेल, म्हणाले. नवी सून आल्या आल्या चुली मोजायला लागली, असंही म्हणाले.

गुरुवार, २ मे
शेजारच्या टेबलावरची इन्शिराह वेळा बदलते, असा मला संशय होता. ती म्हणाली, एक तास मिळव आणि गप्प बस.
आज फोटो काळे होताना मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ११.०५. यंत्रातही ११.०५. त्यातल्या एकाला निरोप पाठवला, तर तो म्हणतो, बाई, मी दाढी करतोय, कोण मेलं? ॲम्ब्युलन्सवाले जाऊन आले आणि आम्हाला शिव्या घातल्या. इमारत उभी होती, गॅलरीत कपडे वाळत होते.
१२.०५ला पडली. मला फार भीती वाटते आहे.

सोमवार, ६ मे
शम्म अल-नसीमची, वसंताच्या सणाची सुट्टी, तरी माझी कामाची पाळी. १२.४०. तळमजल्यावरचा शिंपी हिल्मी — फोटो काळा. तिसऱ्या मजल्यावरची नग्वा — काळा. आमचीच इमारत.
तिसरा फोटो माझा. मी टाकलेला नाही. खाली लिहिलंय, मी फक्त काठी आणायला उतरले होते, आई वरच राहिली.

१.१०. टॅक्सीत. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, पुन्हा फसणार नाही. आई फोन उचलत नाही.

१.२८. घरी. वेळा लिहून ठेवते, नंतर कोणी घड्याळावर ढकलायला नको. इमारत रिकामी — सगळे सणाचा खारा मासा घेऊन किनाऱ्यावर. आई म्हणते, आधी जेवते, मग मरते. काठी तिच्या हातात दिली. तिला सोडून मी कुठेही जाणार नाही.

१.३५. जिन्यात. भिंतीतून वाळू गळतेय. आई म्हणते, दम तर खाऊ दे —

१.३८. काठी निसटली. कठड्यातून थेट तळाला. आई पायरीवर बसली. म्हणते, जा, घेऊन ये, मी कुठे पळतेय?
नाही उतरणार. पाठीवर घेते म्हटलं तर हात झटकते. दोघी पडू म्हणते. जा ना गं म्हणते —

१.४०. मी तिचा हात सोड