गुरुवारची मोजणी

गुरु., ४ डिसें.
पहाटे साडेपाचला उलव्यापुढच्या कोळीवाड्यात, बसथांब्यावर प्रवासी मोजायला. सहाची बस रिकामी. तीन माणसं, त्यातला एक ड्रायव्हरचा मेहुणा. डेपोचे साहेब खूश. म्हणाले, "१५ पासून ही फेरी बंद." मोजणीवर माझी सही. घरी सानपाड्याला आले तर आईचा मार्गशीर्षाचा घट मांडलेला, सुकटीचा डबा माळ्यावर. वरण-भात चापला.

बुध., १० डिसें.
फेरी बंदची नोटीस चिकटवायला पहाटेच गेले, तर थांब्यावर मासळीवाल्या बायकांची ही रांग! पाट्याच पाट्या. मला वाटलं जत्राबित्रा आहे.
पुढे उभ्या हिराबाई. नोटीस माझ्याकडूनच वाचून घेतली.
"गाडीन कोन नसतं? कवा मोजलंस?"
"गेल्या गुरुवारी."
"अगो, मार्गशीर्षचा गुरवार! म्हावरा घेनार कोन? त्या दिवशी आमी बाजारान जातच नाय. तुज्या घरी पालत नाय काय?"
पाळतात. घट, माळ्यावरचा डबा, सगळं डोळ्यांदेखत. डोकं कुठे होतं माझं?
"रिक्षावाला पाटी घेत नाय, वास येतं म्हनतो. गाडी गेली का धंदा गेला."
नोटीस तशीच पर्समध्ये घालून परत आले.

गुरु., ११ डिसें.
माझा मोजणीचा करार ३१ ला संपतोय. आता चूक कबूल केली तर पुढचं काम विसरा. आईला सांगितलं. म्हणाली, "तुझी चूक ना? मग तूच सांग." आणि पोथी उघडली. राग आला तिचा. बरोबर बोलली म्हणून जास्त.

शुक्र., १२ डिसें.
साहेबांना सांगितलं एकदाचं. पेपरवेट फिरवत म्हणाले,
"परत कधी मोजणार?"
"बुधवारी."
"सोमवारपासून बस नाही. बुधवारी काय मोजणार, रिकामा थांबा?"
मी दारापर्यंत गेले, तेव्हा मागून म्हणाले, "रविवार संध्याकाळपर्यंत आकडा द्या. बघतो." बघतो म्हणजे काय, देव जाणे. कराराबद्दल चकार शब्द नाही.

रवि., १४ डिसें.
पहाटेपासून थांब्यावर. आज मासळीचा वार, पाट्या येतायत. एकेक नाव विचारून लिहितेय, या वेळी कुणी म्हणायला नको की—
हिराबाई वहीत डोकावल्या. "उद्या येल ना गं गाडी?"
मी त्यांचं नाव लिहून घेतलं. तेवढ्यात बस आली. त्या चढल्या, पाटी पायाशी ओढली, खिडकीतून ओरडल्या, "चढ गं, जागा धरलीय तुला."