चार हजार एकशे सत्तावीसची बरणी

सोमवार, ३ तारीख

नवी वही, नवी खोली आणि उद्यापासून नवी नोकरी. मी इतकी खुशीत होते की दाराच्या चौकटीला डोकं आपटलं तरी हसले. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून दवाखान्याची मागची भिंत दिसते. पोटातली गाठ काढून अठरा दिवस झाले. ती कसली होती आणि आत काही उरलंय का, हे कळायला अजून दोन आठवडे. तोवर दादाकडे राहिले असते तर वहिनीने मला खाऊ घालून घालूनच संपवलं असतं.

रोजनिशी लिहायला समुपदेशक बाईंनी सांगितलंय. धाप लागते, छाती धडधडते, आता मरतेच असं वाटतं, तो झटका किती वाजता आला आणि किती वाजता गेला ते टिपायचं. मन उदास असेल तर तेही. गोळ्यांचा गुण यायला तीन आठवडे लागतात म्हणे. झटका आला की चार आकडे श्वास आत, चार आकडे थांबायचं, सहा आकडे बाहेर.

नोकरीही त्यांनीच सुचवली, हात गुंतलेले बरे म्हणून. बारा वर्षं शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे लिहिले, आता प्रयोगशाळेच्या साठवणखोलीत बरण्यांवर लिहायचे. बरण्यांत माणसांचे कापून काढलेले तुकडे असतात. मुलाखतीत त्यांना ‘नमुने’ म्हणत होते, त्यामुळे निभावलं.

मंगळवार, ४

नाही निभावलं. मी नळसुद्धा धुऊन मग उघडणारी बाई. दुसऱ्याच्या फणीतला केस पाहिला तर मला त्या दिवशी जेवण जात नाही. आणि इथे सहा मांडण्या भरून बरण्या. फिकट, फुगलेलं, उकडल्यासारखं मांस. एकीत पायाचं बोट आहे, नखाला लाल रंग लावलेलं. लावताना तिने केवढी फुंकर मारली असेल, असं मनात आलं आणि मी मान फिरवली. तुकडे टिकावेत म्हणून बरण्यांत भरलेल्या फॉर्मालिनचा वास आधी डोळ्यांना झोंबतो, मग जिभेवर येऊन बसतो.

खोलीत माझ्याशिवाय एकच माणूस. तीस वर्षं इथेच असलेले काका. ते प्रत्येक वस्तू चिमट्याने उचलतात, चहातलं बिस्किटसुद्धा. मी त्यांचं नाव चिमटेकाका ठेवलंय, अर्थात मनात. त्यांनी काम समजावलं. निकाल लागेपर्यंत बरणी हलवायची नाही. लागला की महिनाभर ठेवून जाळायला पाठवायची. आतलं द्रव हळूहळू उडतं. तुकडा उघडा पडला तर सडतो, म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी पेन्सिलच्या रेघेपर्यंत भरून ठेवायचं. एक ते दीड काका खाणावळीत जातात, तेव्हा कुलूप-किल्ली माझ्याकडे.

गोळ्यांनी ओठ फुटलेत. वहिनीने गुलाबी मलमाची डबी दिलीय, ती दिवसातून दहा वेळा लावते. तोंडाला लोखंडासारखी चव येते, तीही गोळ्यांचीच.

गुरुवार, ६

पातळी भरत चौथ्या मांडणीपर्यंत आले आणि थांबले. ४१२७. हा आकडा मला पाठ आहे. माझ्या पाकिटातल्या पावतीवर आहे.

एवढ्या मोठ्या गावात माझी गाठ आणखी कुठे जाणार होती, हे आधी सुचायला हवं होतं. लिंबाएवढी आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. लिंबाचा अपमान आहे तो. पिवळट, गुळगुळीत, एका बाजूला बारीक शिरांचं जाळं. वर काचेत माझं तोंड दिसत होतं, समोरच्या दोन दातांतल्या फटीसकट. हे माझ्या आत होतं, मी जेवले ते यानेही खाल्लं, या विचाराने अंगावर शहारा आला.

झटका : १.१० ते १.१६. श्वास मोजले. उपयोग झाला.

शनिवार, ८

उठवत नाही. दोन दिवसांची भांडी तशीच आहेत, त्यांवर पांढरी साय धरलीय. केस धुतले नाहीत. स्वतःचाच वास येतो आणि स्वतःचीच शिसारी येते. वहिनीने फोनवर विचारलं की जेवलीस का. हो म्हणाले. तिने विचारलं काय जेवलीस, तर मला सांगता येईना. नंतर दादाने फोन घेतला आणि उगाच हवापाण्याचं बोलत बसला. फोन ठेवून मी पुष्कळ रडले.

काल समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, ही उदासी अंगात नेमकी कुठे जाणवते. मी टाक्यांवर हात ठेवला. तिथे रिकामं वाटतं. गाठ होती तेव्हा निदान काहीतरी होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, फार घाण विचार आहे.

सोमवार, १०

४१२७ ची पातळी दोन बोटं खाली. बाकी सगळ्या जागच्या जागी. चिमटेकाका म्हणाले, झाकण सैल असणार, या बरण्या सगळ्या अशाच, फार जिवाला लावून घेऊ नकोस पोरी. मी रेघेपर्यंत भरलं. झाकण सैल नव्हतं.

झटका : १.०५ ते १.१६. मधलं नीट आठवत नाही. भानावर आले तेव्हा चौथ्या मांडणीपाशी उभी होते.

बुधवार, १२

पातळी पुन्हा खाली. आणि गाठीच्या कडेला एक खाच आहे, अर्धगोल. काकांना विचारलं. ते म्हणाले, तपासणीसाठी काप काढतात, त्यात काय. पण काप सरळ सुरीने काढतात, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी दाखवलं होतं.

तोंडाची चव जात नाही. तीनदा दात घासले, हिरड्यांतून रक्त आलं. जीभ खरवडली. दातांत काहीतरी अडकलंय.

आज मात्र बरं वाटलं. का कोण जाणे. घरी येऊन सगळी भांडी घासली.

गुरुवार, १३

केस धुतले. खिडक्या पुसल्या. आठ तास गाढ झोप लागली होती. वहिनी म्हणाली, आवाजात जीव आलाय तुझ्या. समुपदेशक बाई तर खूशच झाल्या, गोळ्या लवकर लागू पडल्या म्हणाल्या. टाक्यांपाशी आता रिकामं वाटत नाही, हे सांगितलं तर त्यांनी ते लिहूनही घेतलं.

झटका : १.०० ते १.२२. बावीस मिनिटं. हे त्यांना नाही सांगितलं.

बरणीत पाऊण गाठ आहे.

शनिवार, १५

बरणीच्या काठावर गुलाबी कड आहे. चिकट. बोटाने पुसली आणि वास घेतला. वहिनीच्या डबीतल्या मलमाचा वास.

नाही. लेबल लावताना हात लागला असेल. बोटाला मलम असतं माझ्या.

पण हातमोजे असतात.

दोन वेळा ओकले. बाहेर काही आलं नाही. पोट सोडायला तयार नाही, असं वाटलं.

सोमवार, १७

खाच मोठी झालीय. चिमट्याने तुकडा उचलून उजेडात धरला. खाचेत दोन गुळगुळीत चर, आणि त्यांच्या मधोमध एक बारीक उभी कड राहिलीय. फटीएवढी.

मी केळं घेतलं. चावलं. शेजारी धरून पाहिलं.

तशीच कड.

काकांना सांगितलं, आजपासून एक वाजता किल्ली तुमच्याकडेच ठेवा, मला आत एकटीला सोडू नका. कारण सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, पोरी, तू फॉर्मालिनजवळ फार तोंड नेतेस. पण किल्ली घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

झटका : १.०० ते —

माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा दोन वाजले होते. खाणावळीपाशी बाकावर बसले होते. किल्ली माझ्या मुठीत. काका म्हणाले, तूच मागून नेलीस ना मघाशी, किती गोड हसून मागितलीस.

मंगळवार, १८, सकाळ

बरणी रिकामी. द्रवही नाही. तळाशी गुलाबी —

पुसून काढलं. झाकण लावलं. काका दुसऱ्या मांडणीपाशी होते.

मला भूक नाही. मला खूप छान वाटतंय. याचीच किळस येतेय, की मला इतकं छान वाटतंय.

मंगळवार, दुपार

डॉक्टरांचा फोन. निकाल आला. गाठ निरुपद्रवी नव्हती, म्हणाले. पण पूर्ण निघाली. कडा स्वच्छ. आत काहीही उरलेलं नाही, पुढे कसलेच उपचार नकोत. अभिनंदन केलं माझं.

त्यांना सांगायचं होतं. डॉक्टर, ती परत — एवढंच म्हटलं. ते म्हणाले, परत येणार नाही, निश्चिंत राहा. दुसरा रुग्ण होता त्यांच्यासमोर.

वहिनी फोनवर रडत होती, आनंदाने. दादा मागून ओरडून विचारत होता, काय म्हणाले, काय म्हणाले. तिला काय सांगू. माझी गाठ कुठे आहे ते तिला काय सांगू.

मंगळवार, ४.२०

लवकर सुटून खोलीवर आले. टाके ताणले गेलेत. त्यांच्या खाली हाताला लागतं. गुळगुळीत. लिंबाएवढं.

घट्ट आहे. पोटातलं अन्न असं नसतं. ते आपल्या जुन्या जागी —

दवाखान्यात जायचं. उठायचं आणि जायचं. समोरच तर आहे भिंत. पुन्हा कापा म्हणायचं. निकाल दाखवतील. काही उरलेलं नाही म्हणतील.

४.३१

झटका सुरू. चार आकडे आत. चार थांबायचं. सहा —

हाताखाली तेही. माझ्याबरोबर. आत, बाहेर.

योगायोग. श्वासाने पोट हलत असेल. श्वासाबरोबर पोट वरखाली होतं, बाई म्हणाल्या होत्या.

तपासून बघते. श्वास रोखते. हात तसाच ठेवते, दुसऱ्या हाताने लिहिते. एक. दोन. तीन. चार. मी थांबलेय. मी पूर्ण थांबलेय.

ते थांबत ना